नेमप्लेट

फैजपूरला सावदा रोडवर सुपडू फिरके मोटारी भरतात.
आडनावच फिरके, मी म्हटलं, जाहिरात कशाला हवी?
ते हसले नाहीत. चाळीस वर्षं ऐकतायत हा विनोद.

पुतण्यानं वेबसाइट करून ठेवलेली,
वर गणपती, खाली गरगरणारा पंखा,
मध्ये फोन नंबर, तोही चित्रात.
माणसाला तो दिसतो, शोधणाऱ्या यंत्राला नुसता चौकोन.
म्हणून मोबाइलवर 'मोटार रिवाइंडिंग' टाकलं
की भुसावळचं दुकान येतं, जळगावची तीन येतात,
आणि आपण ज्याच्या दारात उभे ते येत नाही.

तारेच्या रिळांमध्ये जागा करून मी लॅपटॉप उघडला.
पानाच्या पोटात मजकूर घालायचा, काका,
गिऱ्हाइकाला न दिसणारा.
महिरपी कंसात रकान्याचं नाव, दोन टिंबं, मग उत्तर.
ते म्हणाले, विचार.

नाव?
सुपडू. आधीची दोन गेली, म्हणून मले सुपात घालून...
एवढं नको, काका. नुसतं नाव.

पत्ता?
कापलेल्या निंबाच्या समोर.
कधी कापला?
अकरा वर्षं झाली. लोकांले अजून तोच ठाऊक.
मी अक्षांश लिहिले, रेखांश लिहिले,
दशांश चिन्हापुढे सहा सहा आकडे.
वीतभर जागासुद्धा चुकत नाही म्हणतात त्यानं.
निंब त्यात कुठे बसला नाही.

वेळ?
नऊ ते सात टाकणार, तर म्हणाले, थांब.
या हप्त्यात लाइट रात्रीची आहे.
साडेबाराला थ्री फेज येते,
दीडला कोनाची तरी मोटार जयते,
दोनला माझं शटर वाजतं.
केळीले पाण्याचा खाडा चालत नाही.
तुझ्या यंत्राले रात्र कळते?
कळते. शून्य शून्यपासून तेवीस एकोणसाठपर्यंत.
मग एक मिनिट कशाले सोडतं?
मला माहीत नव्हतं.

दर?
माणूस पाहून.
तो रकाना रिकामा सोडला.

मग ते उठले. कोपऱ्यातली जळकी मोटार पालथी केली,
अंगठ्यानं ग्रीस पुसलं.
खाली रिबिटांनी ठोकलेली पत्र्याची पट्टी:
एचपी, व्होल्ट, फेरे, साल.
हेच ना तुझं?
ही विहिरीत जाते, मालक कधी वाचत नाही.
उघडतो त्याले लागते.
खरवडलेली असली की मी बसतो मोजत
एक एक वेढा, जळक्या तारेचा.

दोन वर्षं क्लास लावून शिकले ते
त्यांनी पान्याच्या टोकानं दाखवलं.

तपासायला टाकलं. लाल.
चौदाव्या ओळीत स्वल्पविराम राहिला होता.
एका वेढ्याचा शॉर्ट, ते म्हणाले.
लावला. हिरवं.

मी झाकण मिटणार,
तर खुर्ची ओढून शेजारी बसले.
संस्थापक असा रकाना आहे?
आहे. भरलाच पाहिजे असं नाही.
रुबाब तडवी, लिही.
पाटीवर ते नाव नव्हतं. बिलबुकावर नव्हतं.
पुतण्याच्या गणपतीखालीही नव्हतं.
गेज ओळखायले त्यानं शिकवलं मले,
डोये मिटून, नखानं.
दुकान त्याचं. मी नंतर नाव बदललं.
का बदललं ते त्यांनी सांगितलं नाही
आणि त्यासाठी रकानाही नव्हता.
कोनी पाहत नाही म्हणतेस ना तिथं?
मग तिथंच लिही.

लिहिलं. पुन्हा तपासलं.
यंत्रानं काही हरकत घेतली नाही.

निघताना मोबाइलवर शोधून पाहिलं त्यांनी.
भुसावळचंच आलं.
थोडे दिवस लागतात, काका.
ते नव्या भरलेल्या मोटारीकडे बघत म्हणाले,
लागतीलच. वार्निश वाळू दे.