उणे चारशे पंचवीस

डोक्यावर समुद्र आहे
हे झोंगुलदाकला कुणी मोठ्याने बोलत नाही.
पिंजरा खाली सुटला की माणसं
डब्यातल्या भाजीबद्दल बोलतात, कुणाच्या जावयाबद्दल,
कान मात्र छताकडे.

मी पाण्याचा हिशेब करते.
हुद्दा लांबलचक, काम एवढंच:
नव्या थराकडे बोगदा वळवला
तर तासाला किती येईल?

सूत्र अख्ख्या खाणीला एक मोठी विहीर समजतं,
गोल, शहाणी, काठ असलेली.
इथे वाकड्या गल्ल्या,
बुजवलेले जुने बोगदे, नकाशे हरवलेले.
तरी विहीर समजायचं.
चुनखडीचा झिरपा? गृहीत.
भेगेची रुंदी? गृहीत.
उत्तर: तासाला नव्वद घनमीटर.

चरात मोजलं तर एकशे एकतीस.

पत्र्याला त्रिकोणी खाच,
खाचेतल्या पाण्याची उंची, उंचीचा अडीचवा घात.
बोटभर चुकलं की उत्तर हातभर चुकतं,
म्हणून तीनदा मोजलं.
बत्ती धरायला सातिलमुश.
सातिलमुश म्हणजे विकलेला.
आधीची तीन पोरं गेली, तेव्हा आईने याला
पिराच्या थडग्यापाशी विकून टाकला.
परक्याच्या मालाला मरण हात लावत नाही म्हणे.
एकतीस वर्षं खाली उतरतोय.

वरचं एकेचाळीस कुठलं?
ऑफिसात एकच शब्द, तोही दबक्या आवाजात.
बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या, पाच दिवस लागणार होते.
मी बोट बुडवून चाखलं.
खारट नव्हतं.
भीतीनेही जीभ खारट होते,
म्हणून पुन्हा चाखलं.

सातिलमुशने एक बाटली डब्याच्या पिशवीतून घरी नेली.
सकाळी म्हणाला, ‘बायको म्हणते, हे आपलंच.’
आपलं म्हणजे?
‘गावच्या पन्हळीचं. एप्रिलपासून आटलंय.
गालिचे धुवायला आता खालच्या गावी जातात.’

गेले.
उणे चारशे पंचवीसवरून शून्यावर,
तिथून डोंगरात आणखी तीनशे.
दगडी पन्हळीतून सुताएवढी धार.
वीस लिटरची बादली, घड्याळ, चार मिनिटं.
नेझाकेतने चहा दिला,
पाणी विकतचं आहे, हे सांगून.

पूर्वी, म्हणाली, बादली लावायची
आणि डोक्याचा रुमाल सोडून परत बांधायचा,
तेवढ्यात भरून सांडायची.
‘तेवढ्यात म्हणजे किती?’
तिने माझ्याकडे पाहिलं.
रुमाल सोडला. केस पांढरे होते.
पुन्हा बांधला.
सात सेकंद.

म्हणजे तासाला दहा घनमीटर.
त्या उतारावर अशा पन्हळी चार, चारही आटलेल्या.
गुणाकार मी गाडीत बसल्यावर केला.

पाचव्या दिवशी प्रयोगशाळाही तेच म्हणाली:
स्रोत चुनखडी, समुद्र नव्हे.
ऑफिसात बकलावा वाटला.
अहवालात मी लिहिलं: पंप तीन, एक राखीव.
रुमालाच्या सात सेकंदांना
तळटीप कशी द्यायची, कळेना.

आता दर शुक्रवारी सातिलमुश
तळाच्या टाकीतून दोन कॅन भरून वर नेतो.
‘ती गाळून घेते,’ म्हणतो.
नियमात बसत नाही.
मी रजिस्टर उघडते,
बाहेर काढलेलं पाणी, या रकान्यात
पंपांच्या आकड्यांखाली लिहिते:
चाळीस लिटर. हाताने.