सिंगल का डबल

जिंतूर रोडला, वजनकाट्यामागं,
वहाब पेंटरच्या शेडमध्ये फियाट उभीय,
पुट्टी घासून राखाडी.
काचांवर चिकटवलेल्या पेपरात
मागच्या वर्षीच्या सोयाबीनचे भाव.

‘सिंगल का डबल?’ वहाब विचारतो.
डबल म्हणजे आधी नुसता रंग, मुका,
त्यावर क्लिअर. आरसाच. भांग पाडा बघून.
सिंगल म्हणजे रंगातच चमक कालवलेली,
जे हाय ते वरच.

मी म्हणतो, डबल. टिकेल.

तो बाहेरच्या उन्हाकडं बघतो, बेचाळीस तरी असेल,
आणि भिंतीला टेकवलेलं कुणाचं तरी बॉनेट दाखवतो:
क्लिअर उललेला, उन्हात सोललेल्या पाठीसारखा,
नखानं पापुद्रा निघतो.
‘हे असं झालं की सगळं खरवडा.
सिंगल पांढरट पडतो,
पण घासला की माघारी येतो.
घासणारा पाहिजे फक्त.’

मग डिकीच्या बिजागरीत,
जिथं नंतरच्या तीन रंगांपैकी एकही पोचला नव्हता,
तो पॉलिशची चिंधी फिरवतो.
चिंधी हिरवी होते.
तुरीच्या कोवळ्या शेंगेची हिरवी.
माझ्याहून जुना रंग, अजून बोटाला लागतो.

मी बोट पँटला पुसावं की नको या विचारात,
तेवढ्यात त्यानं उघड्या डब्यात
चाराला एक हार्डनर ओतलेलं असतं.

‘दोन तासांत दगड होतंय हे,’ वहाब म्हणतो,
काडीनं ढवळत, माझ्याकडं न बघता.
‘हां, बोला.
डबल म्हणत होतात ना?’