रेघ

फुजैराहून पहाटेची बस धरली,
कारण टॅक्सीवाला गुलजमान ओळखीचा असला तरी
ओळखीचे कमी घेतो, फुकट नेत नाही.
पिशवीत बार्शीहून आलेली कडक भाकरी,
शेंगाचटणीची बरणी, सहा उकडलेली अंडी
आणि पाण्याच्या चार बाटल्या.
तिथं पाणी सोन्याच्या भावानं, असं हे म्हणाले.
सोनं कुठल्या भावानं, ते मी विचारलं नाही.

दोन महिने ही सहल वहीतच चालली होती.
डावीकडे दुबई, उजवीकडे दिरहम.
टॉवर: खालून बघायचा.
कारंजं: फुकट, पण अंधार पडल्यावर.
मुक्काम: शारजात, कुंजुमोनच्या खोलीवर,
त्याची रात्रपाळी असते, गादी रिकामी.
खाडी ओलांडायची होडी: माणशी एक दिरहम.
इथं यांनी हात आखडला नाही, दोनदा ओलांडली.
दुसऱ्यांदा पलीकडे आमचं काही काम नव्हतं.

मासे मात्र पैसे मोजूनच बघायचे होते.
शलाकानं वर्षभरात मागितलेली एकच गोष्ट.

तिकिटाच्या खिडकीशेजारी भिंतीवर
निळा देवमासा रंगवलेला, त्याच्या पाठीवर रेघ.
रेघेखालच्या मुलांना तिकीट नाही.
शलाका आपणहून जाऊन उभी राहिली, पाठ भिंतीला लावून,
आणि फ्रॉकच्या आत
हळूच गुडघे वाकवले तिनं.

आम्ही शिकवलं नव्हतं.
म्हणजे, तोंडानं नव्हतं शिकवलं.
रात्री दिवा मालवून आम्ही आकडे कुजबुजायचो
तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची,
असं आम्ही धरून चाललो होतो.

खिडकीतल्या फिलिपिनो मुलीनं वाकून पाहिलं,
आधी रेघेकडे, मग फ्रॉकच्या घेराकडे,
मग माझ्याकडे. जरा जास्तच वेळ माझ्याकडे.
दोनच तिकिटं फाडली.
मी थँक्यू म्हणाले.
हे पाकीट खिशात ठेवत राहिले,
ठेवून झालं होतं तरी.

आत डोक्यावरून शार्क जात होते,
वाळत घातलेल्या चादरीसारखे कसले तरी मासे जात होते,
आणि त्या निळ्या बोगद्यात माझी पोर
गुडघे वाकवूनच चालत होती.
पहिल्या टाकीपासून,
म्हातारीसारखी,
गणवेशातला माणूस दिसला की आणखी चार बोटं खाली.
अगं, नीट चाल.
"बाहेर गेलो की," ती म्हणाली.

यांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं.
बापाच्या खांद्यावरच्या पोराला कुणी मापत नाही.
तिथून तिला मासे दिसले असतील.
मी विचारलं नाही.

रात्री कारंजं उडालं, वेळेवर, फुकट.
त्या गर्दीतून हे एक आइस्क्रीम घेऊन आले,
पंचवीस दिरहमचं, वहीत नसलेलं.
"सगळं तुझं, संपव."
तिनं कडेकडेनं अर्धं चाटलं
आणि म्हणाली, उरलेलं उद्याला ठेवू?

घरी येऊन मी वही भरली.
वाचलेले पासष्ट दिरहम कुठं मांडावेत कळेना.
डावीकडे बसेनात, उजवीकडेही.
शेवटी पान उलटून दूधवाल्याचा हिशेब लिहिला.

घरमालक भिंतीला पेन्सिल लावू देत नाही,
म्हणून शलाकाची उंची आम्ही फ्रिजच्या अंगावर मांडतो
मार्करनं, दर वाढदिवसाला.
काल ती उभी राहिली, टाचा चिकटवून,
आणि मी डोक्यावर पट्टी ठेवायच्या आत
वर बघून विचारलं,
"इथं सरळ उभं राहायचं ना?"