मानशीची फळी

या खेपेस डॉक्टरबाईंनी कागद फिरवला.
इतकंच. टेबलावर अर्धा वळसा,
आणि अक्षरं माझ्याकडे सुलटी झाली.
अकरा वर्षं मी ती उलटीच वाचत आलोय,
माझं नाव, डोकं खाली, पाय वर.

रोहिदासने सवयीने हात पुढे केला.
थोरला भाऊ. सह्या तोच करतो,
फेरीची वेळ बघत, खिशात किल्ली वाजवत.
"यांना लिहू दे," बाई म्हणाल्या.

पेन थरथरलं. भीतीनं नव्हे, गोळीनं.
म्हणून तेच पहिलं लिहिलं:
सकाळची गोळी रात्री द्या.
सकाळी मला हात हवे असतात, फळीला.

"कसली फळी?"
मानशीची, म्हटलं.
बाई कराडच्या. थबकल्या.
त्यांच्या दारावरही तोच शब्द,
पुढे उपचार जोडलेला.

सांगितलं मग: चोडणला खाजन आहे आमचं.
बांधाला दार असतं, त्याला मानस म्हणतात.
भरती आली की पाणीच ते लोटून घेतं,
सुकतीला पाणीच उघडतं.
माणूस लागतो तो आवाज ऐकायला
आणि फळी अडकली तर उचलायला.
एफी सिस्टर हसली. तिचं माहेर दिवाडीचं.

खाली रकाना होता, धोक्याची लक्षणं.
आधीच्या कागदांवर तिथं असायचं:
आक्रमक. असंबद्ध. ऐकत नाही.
मी लिहिलं:
दोन रात्री झोप नाही आणि थकवाही नाही, असं झालं तर.
बगळे मोजून झाल्यावर पुन्हा मोजू लागलो तर.
एकदा मोजणं चालतं.

कोणाला कळवावं?
सेबास्त्यांव, मानशीवर जाळं लावणारा.
तो दोरी आणत नाही.
शेजारी बसतो, विडी देतो,
शेवट्यांचा भाव सांगतो.
रोहिदासचं नाव दुसरं लिहिलं.
त्यानं ते वाचलं.

काय करू नये, हा रकानाच नव्हता.
समासात लिहिला.
मागून धरू नये.
"मला ओळखलंस का" विचारू नये.
विचारावं, पाणी कुठवर आलं?
उत्तर चुकलं तर न्या मला,
पण पुढच्या सीटवर. काच खाली करून.

बाईंनी सगळंच मान्य केलं नाही.
गोळी अर्धी करायला नाही म्हणाल्या,
रक्तातला आकडा दाखवला.
आम्ही वाद घातला. वाद!
इतकी वर्षं सगळे नुसती
समजूत घालत होते माझी.

परतताना फेरीवर रोहिदास गप्प.
मध्यावर आलो तेव्हा कठड्याला टेकून म्हणाला,
"दोरीशिवाय मला तेव्हा काही सुचलं नाही रे."
इंजिनाच्या आवाजात मी ते ऐकलं.
मग थोड्या वेळानं, नवी भाषा बोलल्यासारखं अडखळत:
"पाणी... कुठवर आलं?"

खारफुटीच्या तिसऱ्या गाठीपर्यंत, मी म्हटलं.
बरोबर की चूक, त्याला काय कळणार.
तोही वाकून बघू लागला.