काचेला विचारलेलं

राजारामपुरी आठव्या गल्लीत, जिनगोंडा शेठच्या दुकानात
गेल्या दसऱ्यापासून एक काच उभी आहे.
पुडा समोर धरायचा. ती फोटो काढते,
नाव सांगते, वजन, भाव, तेल कुठलं, मैदा किती,
आणि पुढं विचाराल त्याचं उत्तर देते,
न खेकसता.

त्याआधी एकतीस वर्षं ती काच मी होतो.
डाळ शिजते का, पापड फुलतो का,
गूळ यंदाचा की गेल्या सालचा,
सगळं माझ्या तोंडावर.
शेठ म्हणाले, ईश्वरा, तुला काढत न्हाई,
तू तिला शिकीव.
मग अख्खा श्रावण मी पुडे फिरवत बसलो,
पुढून, मागून, बुडाखालून,
चेपलेला डबा, फाटकं लेबल, उलटी बाटली,
कारण गिऱ्हाईक काही सरळ धरत नाही.
पोह्यांना ती दोनदा मुरमुरे म्हणाली.
तिसऱ्यांदा नाही.
माझा नातू इतक्या लवकर शिकत नाही.

जे तिला येत नाही त्याला ती म्हणते, उद्या या, सांगते.
ते दिवे मालवायच्या वेळी माझ्याकडं येतं,
वर फोटो, खाली प्रश्न.
मी उत्तर लिहितो, सकाळी ते तिचं होतं.

मला वाटलेलं, असतील दहा-बारा, डाळीतांदळाचे.
पण माणसं काचेला भलतंच विचारतात:

सगळ्यात स्वस्त कंचं, पर स्वस्त दिसणार न्हाई असलं?
हे पाहुण्यांम्होरं ठेवलं तर हसतील का?
केस काळं केल्यालं लोकास्नी किती दिसानी कळतंय?
ही चॉकलेटं वाटली तर पोराला वर्गात दोस्त मिळतील का?
मला वाचता येत न्हाई, ह्यो कापडाचाच साबण न्हवं?

एकतीस वर्षांत एकानंही मला असलं विचारलं नव्हतं.
मला विचारायचं तर मागं रांग असायची,
आणि मी सांगायचो ओरडून, गल्लीला कळेल असं.
दळवीवहिनी दर महिन्याला वडी उचलून दाखवायच्या,
हाच ना नेहमीचा?
मी म्हणायचो, त्यावर लिहिलंय की, वहिनी.
लिहिलंय की.

गुरुवारी एक फोटो आला.
कांदा-लसूण चटणीचा पुडा, अर्धा किलोचा,
आणि तो धरलेला हात.
बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन.
मनगटावर कुकरच्या वाफेचा डाग, विड्याच्या पानाएवढा.
तो डाग पडला तेव्हा मी दुकानात होतो.
दुपारी मी गोदामात असताना आली असणार.

ह्यापेक्षा कमी तिखट, पर रंग ह्योच, असलं काय हाय का?
आमच्या मालकास्नी आता सोसत न्हाई.
रात्री उठून बसत्यात.
ते बोलणार न्हाईत.
मीबी बोलणार न्हाई.

मंगळवार पेठेत मला सगळे ओळखतात ते
तांबडा रस्सा वाटीनं पिणारा म्हणून.
तिसऱ्या वाटीलाही नाकाला पाणी नाही.
भावकीच्या जेवणात पोरं बघायला उभी राहायची.

शेठनं शटर अर्धं ओढलं. मी अजून बसलेलो.
काचेच्या बोलीत लिहायचं, म्हणजे शुद्ध,
अहो-जाहो घालून:
आपण याच चटणीचा एकच चमचा घ्यावा.
रंगासाठी ब्याडगीची पूड, मागचा रॅक, खालून दुसरा कप्पा.
वाटणात ओलं खोबरं वाढवावं.
चवीतला फरक सहसा कळत नाही.
शेवटची ओळ पुसली.
परत लिहिली.

रविवारी ताटात रस्सा आला, रंग तोच, वर तर्री.
आक्काताईची पाठ माझ्याकडं होती,
परातीतला हात थांबलेला.
मी भुरका मारला.
घाम नसताना कपाळ पुसलं.
बाबौ, म्हटलं, आज लई झणका हाय, पाणी दे जरा.

तिनं तांब्या सरकवला, न बघता,
आणि भाकरी थापायचा आवाज पुन्हा सुरू झाला.