पाणी सोडायची वेळ

अठ्ठेचाळीस मीटर केबल.
आतलं तांबं भंगारात गेलं बाविसशेला,
आणि लासूरला नऊ दिवस नळ कोरडे.

आत टाका याला, मी म्हटलं होतं,
चोपड्याच्या कोर्टात, भर उन्हात उभा राहून.
पैसे त्याच्या आईने भरले, गळ्यातली पोत मोडून.
मॅडमनी कागद दोनदा वाचला
आणि हिलालला माझ्याच गळ्यात मारलं:
साठ दिवस, पहाटे चार ते सात,
गावाच्या पाणीपुरवठ्यावर, बिनपगारी.
हजेरीवर सही माझी.

आता त्याच्यासाठी मलाच साडेतीनला उठावं लागतं.
शिक्षा नेमकी कुणाला झाली, बायको विचारते.

पहिले काही दिवस तो बोललाच नाही.
बॅटरी धरायचा, चिखलात बसायचा,
मी सांगेन तितकी चावी फिरवायचा:
पाटील गल्ली, सहा आटे.
बाजारपेठ, पाच.
भिलाटी, दोन.

अकराव्या दिवशी चावी हातातच राहिली.
"अप्पा, भिलाटीले दोनच काबर?"

बावीस वर्षं मी हे व्हॉल्व्ह फिरवतोय.
आधीच्या अप्पांनी सांगितलं होतं, दोन.
त्यांना कुणी सांगितलं, मी विचारलं नव्हतं.
म्हटलं, "तू तुझं काम कर."

आज एकोणिसावा दिवस.
त्याने भिलाटीचा व्हॉल्व्ह दोन आटे फिरवला,
थांबला,
मग अजून एक.
मी बिडी पेटवत होतो. काडी विझली.

रजिस्टरमध्ये 'वर्तणूक' असा एक रकाना आहे.
तो मी अजून भरलेला नाही.