गट क्रमांक एकशे सत्तेचाळीस

सातवी ब ला मी शिकवते :
राष्ट्रपती देशाचे प्रमुख,
कारभार मात्र पंतप्रधान बघतात.
दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच,
"मग बाई, खरं मोठं कोण?"
आणि दरवर्षी घंटा होते.

यंदा शाळा सुटली की पॅड, पिशवी, गळ्यात ओळखपत्र,
आणि सुभाषनगराच्या मागच्या चार गल्ल्या.
दारादारावर खडूनं नंबर घालत जायचं.

पहिल्याच घरात भिजत घातलेलं कातडं,
शेवंता सातपुते चपलेची वेणी घालतायत,
दोऱ्याचं टोक दातात.
"कुटुंबप्रमुख कोण?"
"कागदावर का घरात?"
माझं पेन थांबलं.
"कागदावर ह्येंचं घाला. सही त्येंची असती.
कातडं कुठनं आणायचं, पोरगी कुठं द्यायची,
त्ये मी बघतो."
बघतो म्हणाल्या.
इथं बाई असंच बोलते.
मी रकान्यात 'स्त्री' लिहिलं.
आत नवरा ऐरणीवर टाच ठोकत होता,
हसला, आणि ठोकत राहिला.

पुढं तालीम. तांबडी माती, अंगाला तेल,
नऊ पोरं एका खोलीत.
आठांनी आपापलं सांगितलं.
नववा हिसारकडचा, कान फुटलेला, म्हणाला,
गावाकडं आई माझं नाव घालणारच,
ती अजून माझं ताटही वाढते.
नियम सांगितला : माणूस एकदाच मोजायचा.
म्हणाला, तिला सांगा.

कोपऱ्यावरचे गणपा आवळे आधी नदीकाठाला राहायचे.
"महापुरात बोटीत चढवताना मोजलं हुतं आमास्नी.
त्यो आकडा बरोबर आला बघा.
म्हस सुदिक धरली हुती."
म्हशीला माझ्याकडं रकाना नव्हता.
चहा मात्र तिच्याच दुधाचा प्यायले.

रात्री बसून बेरीज केली : सहाशे बारा.
पुन्हा केली : सहाशे तेरा.
कुठं वाढलं कळेना.
एवढा मोठा देश,
तो असाच कुणाच्यातरी स्वयंपाकघरात
भाकरीच्या तव्याशेजारी बसून
एकेक करत वाढत असणार,
हातचा धरून, हातचा विसरून.

मग दार लावायला गेले तर
आमच्याही चौकटीवर नंबर,
अक्षर दुसऱ्याच कुणाचंतरी.
सासूबाई आतून म्हणाल्या,
"मास्तर येऊन गेला तुझ्यासारखाच एक.
प्रमुख म्हणून तुझंच नाव सांगितलंय मी.
उद्या सही तेवढी कर.
आणि वांगी नको करूस, आमटी कर."